चार गोळ्या, तीन दिवस : व्यसनी रुग्णाला औषध देण्याच्या अमेरिकी कायद्याची शंभर वर्षे

१/
१ एप्रिल १९२२. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील स्पोकेन शहर. डॉ. चार्ल्स लिंडर यांच्याकडे एक स्त्री आली. तिला अमली औषधांचे व्यसन होते. डॉक्टरांनी तिला मॉर्फीनची एक आणि कोकेनच्या तीन, अशा चार गोळ्या दिल्या. ती स्त्री सरकारची खबरी निघाली. त्या चार गोळ्यांपायी डॉक्टरांवर खटला भरला गेला, ते दोषी ठरले आणि प्रकरण देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले.

२/
प्रश्न वरकरणी साधा होता. व्यसनाच्या आहारी गेलेल्या माणसाला डॉक्टरने त्याच जातीचे औषध दिले, तर तो उपचार की गुन्हा? याचे उत्तर शोधताना अमेरिकी कायद्याने शंभर वर्षांत अनेकदा दिशा बदलली. त्या वळणांवर काही डॉक्टर तुरुंगात गेले, दवाखान्यांना टाळी लागली आणि असंख्य रुग्णांनी काळ्या बाजाराचा रस्ता धरला. त्या शंभर वर्षांचा हा धागा.

३/
आरंभ एकोणिसाव्या शतकातला. शतकाच्या सुरुवातीस अफूपासून मॉर्फीन वेगळे काढण्यात आले आणि मध्यास इंजेक्शनची सुई आली. वेदना शमवण्याचे याहून खात्रीचे साधन तेव्हाच्या वैद्यकाकडे नव्हते. खोकला, जुलाब, निद्रानाश, पाळीच्या वेदना, सर्वांवर अफूची कोणती ना कोणती मात्रा चाले. बाजारात विकल्या जाणाऱ्या बाटलीबंद ‘रामबाण’ औषधांतही ती असे. त्यांच्या वेष्टनावर तसे छापणे बंधनकारक झाले ते १९०६ मध्ये. त्याआधी, १८९८ मध्ये, बायर कंपनीने हेरॉइन बाजारात आणले होते, तेही खोकल्यावरचे औषध म्हणून.

४/
त्यामुळे त्या काळातील व्यसनी व्यक्ती बहुधा मध्यमवयीन, सुस्थितीतील गृहिणी असे आणि तिला ही सवय लागलेली असे डॉक्टरच्याच हातून. शतक पालटेपर्यंत डॉक्टर सावध झाले. जुने रुग्ण वृद्धत्वाने मरण पावू लागले आणि त्यांच्या जागी मोठ्या शहरांतील गरीब वस्त्यांमधले, हेरॉइन आणि कोकेन घेणारे तरुण दिसू लागले. व्यसनी म्हटल्यावर लोकांच्या डोळ्यांपुढे आता रुग्ण उभा राहीना, गुन्हेगार उभा राही. कायदा झाला तो नेमका या काळात.

५/
१९०९ ची शांघायची अफूविषयक परिषद आणि १९१२ चा हेगचा करार यांत अमेरिकेने पुढाकार घेतला होता, पण तिच्या स्वतःच्या घरी देशव्यापी कायदा नव्हता. औषधोपचारावर नियंत्रण ठेवणे हा राज्यांचा अधिकार मानला जाई. म्हणून संघ सरकारने करआकारणीची वाट धरली. न्यूयॉर्कचे प्रतिनिधी फ्रान्सिस बर्टन हॅरिसन यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कायद्यावर राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन यांनी १७ डिसेंबर १९१४ रोजी स्वाक्षरी केली. १ मार्च १९१५ पासून तो अमलात आला.

६/
कायदा दिसायला हिशेबी होता. अफू व कोकेनचा व्यवहार करणाऱ्या प्रत्येकाने, डॉक्टरनेही, नोंदणी करावी, वर्षाला १ डॉलर कर भरावा आणि सरकारी छापील नमुन्यावरच मागणी करावी. डॉक्टरांना एक सवलत होती. आपल्या रुग्णाला ते औषध देऊ शकत, मात्र ‘केवळ आपल्या व्यवसायकार्याच्या ओघात’. व्यसनी रुग्णाविषयी कायद्यात एक शब्दही नव्हता. पुढची सारी लढाई त्या एका वाक्यांशाच्या अर्थावरून झाली.

७/
करकायदा असल्याने अंमलबजावणी अर्थखात्याकडे, म्हणजे महसूल अधिकाऱ्यांकडे गेली. त्यांनी वाक्यांशाचा अर्थ लावला तो असा : व्यसन हा आजार नव्हे, म्हणून व्यसन टिकवण्यासाठी दिलेले औषध हे डॉक्टरच्या व्यवसायकार्यात बसत नाही. १९१६ मध्ये पिट्सबर्गच्या डॉ. जिन फुई मॉय यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा संकुचित अर्थानेच वाचला आणि सरकारला मागे यावे लागले. पण ही माघार तीनच वर्षे टिकली.

८/
३ मार्च १९१९ रोजी दोन निकाल एकाच दिवशी लागले, दोन्ही ५ विरुद्ध ४ मतांनी. डोरेमस खटल्यात हॅरिसन कायदा घटनेला धरून असल्याचे ठरले. वेब खटल्यात प्रश्न थेट होता. मेम्फिसचे डॉ. वेब प्रत्येक चिठ्ठीमागे ५० सेंट घेऊन मॉर्फीन लिहून देत आणि गोल्डबॉम हा औषधविक्रेता ते पुरवी. व्यसन सोडवण्याचा प्रयत्न नाही, केवळ रुग्णाला त्रास होऊ नये म्हणून दिलेली अशी चिठ्ठी ही वैद्यकीय चिठ्ठी म्हणता येईल काय?

९/
न्यायालयाचे उत्तर तुटक होते. अशा कागदाला वैद्यकीय चिठ्ठी म्हणणे हा शब्दाच्या अर्थाचा इतका उघड विपर्यास आहे की चर्चेचीही गरज नाही, असा त्याचा आशय. वेब हे पैसे घेऊन सरसकट चिठ्ठ्या वाटणारे डॉक्टर होते, याविषयी फारशी शंका नाही. अडचण अशी की निकाल केवळ त्यांच्यापुरता उरला नाही. गावातल्या जुन्या रुग्णाला तोलून मापून मात्रा देणारा डॉक्टरही त्याच्या कक्षेत आला. सुक्याबरोबर ओलेही जळू लागले.

१०/
एका फटक्यात हजारो माणसांचे औषध तुटणार होते. अफूवर्गीय औषध अचानक बंद झाले की अंगदुखी, घाम, उलट्या, जुलाब आणि निद्रानाश यांनी माणूस दिवसेंदिवस तळमळतो. यावर तोड म्हणून अनेक शहरांनी १९१९ पासून स्वतःचे दवाखाने उघडले. देशभरात त्यांची संख्या चाळीसच्या वर गेली. न्यूयॉर्कच्या वर्थ स्ट्रीटवरील दवाखान्यात सात हजारांहून अधिक जणांनी नाव नोंदवले. तेथे गर्दी अफाट आणि व्यवस्था तोकडी होती. वर्षभरातच तो बंद झाला.

११/
लुइझियाना राज्यातील श्रीव्हपोर्टचे चित्र वेगळे होते. तेथील डॉ. विलिस बटलर यांनी रुग्णांची विभागणी केली. ज्यांचे व्यसन सुटण्याजोगे होते त्यांना रुग्णालयात ठेवून औषध सोडवायचे. जे वृद्ध किंवा असाध्य आजारांनी ग्रस्त होते त्यांना ठरावीक मात्रा माफक दरात, नोंद ठेवून द्यायची. स्थानिक डॉक्टर, न्यायाधीश आणि पोलीस त्यांच्या पाठीशी होते. तरीही वॉशिंग्टनहून दबाव वाढत गेला आणि फेब्रुवारी १९२३ मध्ये हा दवाखानाही बंद झाला. अशा दवाखान्यांपैकी तो शेवटचा.

१२/
दरम्यान वैद्यकीय व्यवसायानेही अंग काढून घेतले होते. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने १९२० मध्ये व्यसनी रुग्णाला घरी राहू देऊन औषध देण्याच्या पद्धतीविरुद्ध ठराव केला. १९२२ मध्ये बेहरमन खटल्याने फास आणखी आवळला. न्यूयॉर्कच्या या डॉक्टरांनी एका रुग्णाला एकाच वेळी हेरॉइन, मॉर्फीन आणि कोकेन प्रचंड प्रमाणात लिहून दिले होते. हेतू व्यसन सोडवण्याचा असला तरी असे देणे गुन्हाच, असा निकाल लागला. हेतू शुद्ध असल्याचा बचावही आता डळमळीत झाला.

१३/
अशा वातावरणात लिंडर यांच्या चार गोळ्या न्यायालयापुढे आल्या. १३ एप्रिल १९२५ रोजी न्यायमूर्ती मॅकरेनॉल्ड्स यांनी एकमताचा निकाल वाचला. व्यसनी माणसे आजारी आहेत आणि उपचारास पात्र आहेत. त्रास शमवण्यासाठी सद्भावनेने थोडे औषध देणारा डॉक्टर केवळ तेवढ्याने गुन्हेगार ठरत नाही. हॅरिसन कायदा हा करकायदा आहे आणि वैद्यकी कशी करावी हे सांगण्याचा अधिकार त्यातून संघ सरकारला मिळत नाही. लिंडर यांची शिक्षा रद्द झाली.

१४/
येथे गोष्ट संपायला हवी होती. प्रत्यक्षात अंमलबजावणी खात्याने आपल्या नियमपुस्तिकेत वेब निकालाचीच भाषा कायम ठेवली. १९३० मध्ये स्थापन झालेल्या अमली पदार्थ विभागाचे प्रमुख हॅरी अ‍ॅन्सलिंगर १९६२ पर्यंत त्या पदावर होते आणि व्यसनी रुग्णाला औषध चालू ठेवण्यास त्यांचा ठाम विरोध होता. न्यायालयात जिंकता येते हे डॉक्टरांना कळले होते, पण त्यासाठी आधी अटक, खटला आणि बदनामी सोसावी लागे. बहुतेकांनी असा रुग्ण दारातूनच परत पाठवणे पसंत केले.

१५/
त्याच सुमारास अटलांटिकपलीकडे ब्रिटनपुढेही हाच प्रश्न होता. तेथे तो सोडवण्याचे काम डॉक्टरांच्या समितीकडे दिले गेले. सर हम्फ्री रोलस्टन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९२६ मध्ये अहवाल दिला. व्यसन हा आजार आहे. औषध हळूहळू कमी करताना ते देता येईल. ज्यांना पूर्ण तोडल्यास गंभीर त्रास होतो, किंवा जे अल्प मात्रेवर कामधंदा करून नीट जगू शकतात, त्यांना ते चालू ठेवणे ही योग्य वैद्यकी होय. ब्रिटनमध्ये पुढची चाळीस वर्षे याच धोरणावर गेली.

१६/
ब्रिटनचा मार्ग निर्धोक होता, असे मात्र नाही. १९६० च्या दशकात लंडनमधील मोजक्या डॉक्टरांनी हात सैल सोडला. १९६२ या एका वर्षात एकट्या डॉक्टरने हेरॉइनच्या जवळपास ६ लाख गोळ्या लिहून दिल्याचे सरकारी समितीच्या १९६५ च्या अहवालात नमूद आहे. त्यानंतर १९६७ चा कायदा झाला आणि व्यसनी रुग्णांना हेरॉइन व कोकेन देण्याचा अधिकार खास परवाना असलेल्या डॉक्टरांपुरताच राहिला. पण औषध देणे हा उपचार असू शकतो, हे तत्त्व ब्रिटनने सोडले नाही.

१७/
अमेरिकेने निवडलेला मार्ग होता बंदिस्त संस्थेचा. १९३५ मध्ये केंटकी राज्यातील लेक्सिंग्टन येथे ‘नार्कोटिक फार्म’ उघडले. ते अर्धे रुग्णालय आणि अर्धे तुरुंग होते. शिक्षा झालेले कैदी आणि स्वेच्छेने आलेले रुग्ण तेथे एकत्र राहत, शेती करत. औषध सुटे, शरीर सुधारे आणि घरी परतल्यावर बहुतेकांचे व्यसन पुन्हा सुरू होई. तेथे काम केलेल्या मनोविकारतज्ज्ञ डॉ. मेरी निसवँडर यांनी १९५६ मध्ये पुस्तक लिहून व्यसनी माणसाकडे रुग्ण म्हणून पाहण्याचा आग्रह धरला.

१८/
ते पुस्तक न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेतील डॉ. व्हिन्सेंट डोल यांच्या वाचनात आले. ते चयापचयाचे अभ्यासक होते. दोघांनी डॉ. मेरी जीन क्रीक यांच्यासह प्रयोग सुरू केला. मॉर्फीनवर ठेवलेले रुग्ण दिवसभर पुढच्या इंजेक्शनची वाट पाहत बसत. मग त्यांना मेथाडोन देऊन पाहिले. ही अफूवर्गीय औषधाचीच जात, पण तोंडाने घेता येणारी आणि दिवसभर पुरणारी. तेच रुग्ण राहिलेल्या शिक्षणाविषयी, नोकरीविषयी बोलू लागले. ऑगस्ट १९६५ मध्ये २२ रुग्णांवरील निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

१९/
काट्याने काटा काढण्याचा हा प्रकार अमली पदार्थ विभागाला मानवला नाही. आपण कायदा मोडत आहात, असे त्याच्या अधिकाऱ्याने डोल यांना बजावले. मग खटला भरा, असे डोल यांनी सांगितले. खटला भरला गेला नाही. पुढे व्हिएतनामहून परतणाऱ्या सैनिकांतील हेरॉइनच्या व्यसनाने वॉशिंग्टन हादरले. जून १९७१ मध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी विशेष कार्यालय स्थापून ते डॉ. जेरोम जॅफी यांच्याकडे सोपवले आणि मेथाडोन केंद्रे देशभर पसरू लागली.

२०/
पाठोपाठ वेब यांचा वारसही अवतरला. राजधानी वॉशिंग्टनमधील डॉ. मूर यांनी साडेपाच महिन्यांत ११,१६९ चिठ्ठ्यांवर सुमारे ८ लाख मेथाडोन गोळ्या लिहून दिल्या. शुल्क गोळ्यांच्या संख्येवर ठरे. डॉक्टर असलो तरी व्यवसायकार्याच्या ओघाबाहेर वागल्यास शिक्षा होऊ शकते, असे १९७५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या खटल्यात ठरवले. साठ वर्षांपूर्वीचा वाक्यांश अजून जिवंत होता.

२१/
त्याआधीच, मे १९७४ मध्ये, संसदेने व्यसनी रुग्णांच्या उपचारासाठी स्वतंत्र कायदा केला होता. औषध चालू ठेवणारा उपचार आणि औषध सोडवणारा उपचार, दोन्हींना प्रथमच कायदेशीर व्याख्या मिळाली. औषध सोडवण्यासाठी सुरुवातीस २१ दिवसांची मर्यादा होती. पण उपचाराला एक कुंपणही पडले. हे काम स्वतंत्र नोंदणी असलेल्या केंद्रानेच करायचे. वेदनेसाठी मेथाडोन कोणताही नोंदणीकृत डॉक्टर लिहू शकतो आणि कोपऱ्यावरच्या दुकानात ते मिळते. तेच औषध व्यसनासाठी लिहिले, तर ती चिठ्ठी बेकायदा ठरते.

२२/
मग रात्री रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात तडफडत आलेल्या रुग्णाचे काय? त्यासाठी नियमांत एक फट ठेवली गेली. ‘तीन दिवसांचा नियम’ म्हणून ती ओळखली जाते. खास नोंदणी नसलेला डॉक्टरही रुग्णाचा तीव्र त्रास शमवण्यासाठी, त्याची पुढची सोय लागेपर्यंत, औषध देऊ शकतो. अटी कडक होत्या. चिठ्ठी द्यायची नाही, एका वेळी एका दिवसाचीच मात्रा द्यायची, फक्त तीन दिवस, आणि मुदत वाढवून मिळणार नाही. म्हणजे आजारी माणसाने तिन्ही दिवस रुग्णालयाच्या खेपा घालायच्या.

२३/
आणखी एक अपवाद आहे. हृदयविकार, अस्थिभंग अशा दुसऱ्या कारणाने रुग्णालयात दाखल असलेल्या व्यसनी रुग्णाला तेथील डॉक्टर औषध चालू ठेवू शकतात. असह्य, असाध्य वेदनेसाठीही मुभा आहे. बाकी साऱ्यांसाठी केंद्राची रांग. मेथाडोनचा रुग्ण रोज सकाळी खिडकीपाशी जातो आणि परिचारिकेच्या देखत औषध पितो. घरी न्यायची परवानगी अनेक महिन्यांच्या सचोटीनंतर, टप्प्याटप्प्याने मिळत असे. ज्याचे गाव केंद्रापासून दूर, त्याची नोकरी टिकणे अवघड.

२४/
कुंपणाला पहिले दार पडले ते २००० च्या कायद्याने. ब्युप्रेनॉर्फिन हे औषध ठरावीक पातळीपुढे श्वास मंदावत नेत नाही, म्हणून मेथाडोनपेक्षा सुरक्षित. ऑक्टोबर २००२ मध्ये त्याला व्यसनोपचारासाठी मान्यता मिळाली आणि साध्या दवाखान्यात बसून ते लिहिता येऊ लागले. पण डॉक्टरने आठ तासांचे प्रशिक्षण घ्यावे, ‘एक्स’ अक्षराने सुरू होणारा वेगळा क्रमांक मिळवावा आणि एका वेळी ३० हून अधिक रुग्ण घेऊ नयेत, अशा अटी होत्या. ही मर्यादा पुढे १०० आणि २०१६ मध्ये २७५ झाली.

२५/
येथे कायद्यातली विसंगती उघडी पडते. व्यसन लावू शकणारे ऑक्सिकोडोन लिहायला ना खास क्रमांक लागे, ना रुग्णसंख्येची मर्यादा असे. व्यसन आवरणाऱ्या ब्युप्रेनॉर्फिनला दोन्ही लागत. फ्रान्सने १९९५-९६ पासून प्रत्येक सामान्य डॉक्टरला ते लिहू दिले. पुढच्या चार वर्षांत तेथे अतिमात्रेचे मृत्यू जवळपास चार पंचमांशांनी घटले. भारताच्या १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यातही, वैद्यकीय गरज असल्यास नोंदणीकृत व्यसनींना सरकारी केंद्रातून असे द्रव्य पुरवण्याची तरतूद कलम ७१ मध्ये आहे.

२६/
अमेरिकेत बदल घडला तो मृत्यूंच्या रेट्याने आणि साथीच्या सक्तीने. मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे स्थिर रुग्णांना २८ दिवसांपर्यंतचे मेथाडोन घरी नेण्याची मुभा मिळाली. २०२४ मध्ये या सवलतींना नियमांत कायमचे स्थान मिळाले. २०२३ च्या नियमाने तीन दिवसांची मात्रा एकाच वेळी हाती देणे शक्य झाले. डिसेंबर २०२२ मध्ये ‘एक्स’ क्रमांकाची अट आणि रुग्णमर्यादा रद्द झाली. मेथाडोनसाठी मात्र केंद्राची वाट आजही चुकत नाही.

२७/
जून २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रुआन खटल्यात जुन्या वाक्यांशाला नवी जोड दिली. आपण अधिकाराबाहेर औषध देत आहोत हे डॉक्टरला ठाऊक होते, किंवा तसा त्याचा हेतूच होता, हे सरकारने सिद्ध करायला हवे. वेदनेवरील गोळ्यांचा तो खटला होता. पण ज्या सद्भावनेच्या बळावर लिंडर सुटले होते, तिच्याकडे कायदा सुमारे शंभर वर्षांनी पुन्हा वळला.

२८/
वेब आणि मूर यांच्यासारखे डॉक्टर खरोखर होते, आणि त्यांना अडवणारा कायदा हवाच होता. प्रत्येक वेळी त्यांच्यासाठी विणलेल्या जाळ्यात बटलर आणि लिंडर यांच्यासारखेही अडकले. जे अडकले नाहीत त्यांनी दार लावून घेतले. त्या बंद दाराबाहेर कोण उभे होते, याची नोंद खटल्यांच्या कागदपत्रांत फारशी सापडत नाही. स्पोकेनच्या त्या चार गोळ्यांना न्याय मिळायला तीन वर्षे लागली. अशा रुग्णाला हातात तीन दिवसांचे औषध देऊन घरी पाठवण्याची मुभा नियमांत यायला आणखी ९८ वर्षे गेली.